गोड्या पाण्याचं घर

माझ्या बहिणीचं सासर अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि घासून ठेवलेल्या तांब्यावर दुसऱ्या दिवशी पांढरा थर दिसतो. आता नळ आला आहे, पण तो रोज येत नाही, आणि नाही आला की लोक पुन्हा विहिरीवर जातात. आमचं माहेर कौंडण्यपूरच्या अलीकडे. तिथलं पाणी गोड आहे. बहीण माहेरी आली की घरात शिरायच्या आधी माठाजवळ जायची आणि उभ्या उभ्या गडवाभर पाणी प्यायची. वहिनी म्हणायची, "बाई, पानी पळून नाई जात, बसा तं खरं." बहीण म्हणायची, "तुमाले काय समजते वैनी, तुमी रोज पेता."

मी अमरावतीला राहते. मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते. नवरा नाही, मूल झालं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बसतो, म्हणून बोलायचं राहून जातं ते मी लिहिते. बहीण माझ्याहून लहान, पण ती कोणालाच भ्यायची नाही. आमच्या दोघींच्या वरचा एक भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो.

तिचे सासरे पोटाच्या कॅन्सरने गेले. सत्तरी ओलांडलेले होते. गालात कायम तंबाखूचा खर्रा, जेवताना भाजीवर वरून मीठ, आणि सुकट नसेल तर ताट सरकवायचे. गावात सगळे म्हणाले, खाऱ्या पाण्याने गेला माणूस. त्या गावात कोणाची किडनी खराब झाली तरी पाण्यानेच होते आणि कोणाचे केस लवकर पिकले तरी पाण्यानेच. त्यामुळे त्यात कोणाला नवल वाटलं नाही. माझ्या बहिणीला तर अजिबातच नाही.

मग तिलाच जेवण जाईना. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. चाळिशी अजून यायची होती तिची. अकोल्याला दुर्बीण घालून पाहिलं, तर काही दिसलं नाही. गोळ्या दिल्या. ती वाळत गेली आणि ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली तेव्हा आतून तुकडे काढले, आणि मग कॅन्सर निघाला. तिचा नवरा शेतीचं सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून ती मुलीला घेऊन माझ्याकडे अमरावतीला आली. मुलगी विशीची. बारावी झालेली, स्वभावाने माझ्यासारखी, थोडंच बोलणारी.

डॉक्टरकडे जाताना बहिणीने पिशवीत दोन फायली घेतल्या, एक तिची आणि एक सासऱ्यांची. मी विचारलं, "त्यायची कायले?"

"हाच रोग हाय ना वं ताई. पाहून घेईन डॉक्टर, त्यायले काय देल्लं होतं. तेच मले देईन. टाइम वाचन त्याचा."

डॉक्टर वयाने लहान होता. बहीण माझ्या कानात म्हणाली, "मिसरूड फुटली नाई अजून." त्याने दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून शांतपणे वाचल्या. मग विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला पोटाचा आजार होता का?"

"माहेरी कोनालेच नाई," बहीण म्हणाली. "थे गोडं पानी पेतात सारे."

"आई आहेत?"

"नाई. कावीळ झालती तिले."

तो लिहायला लागला.  मी म्हटलं, "कावीळ नव्हती."

बहिणीने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मी विसरणार नाही. आई गेली तेव्हा ती फार लहान होती, तिला जे सांगितलं गेलं ते तिने धरून ठेवलं होतं. मी चौथीत होते. आईला अर्धी भाकरसुद्धा जात नव्हती. नंतर पोट फुगलं आणि हातपाय काड्यांसारखे झाले. लोक म्हणाले, पोटात गोळा आहे. घरातलं काम कोणी तरी करायचं होतं म्हणून माझी शाळा सुटली. आई गेली तेव्हा तिचं वय माझ्या बहिणीच्या तेव्हाच्या वयाहूनही कमी असेल. काही वर्षांनी आमची मावशी तशीच गेली, तेच दोन घास, तेच फुगलेलं पोट. हे सगळं मी त्या डॉक्टरला सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "पोटाचा कॅन्सर म्हणतो आपण, पण सगळे एकसारखे नसतात. तुमच्या सासऱ्यांचा गाठीचा होता. एक जंतू असतो, तो आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात लहानपणापासून असतो. बहुतेकांना काही करत नाही. काहींच्या जठराला मात्र त्याने वर्षानुवर्षं सूज राहते. त्यावर तंबाखू, खारवलेलं खाणं आणि वय. अस्तर हळूहळू बदलतं आणि एका जागी गाठ धरते. तो म्हाताऱ्या माणसांत जास्त, बायकांपेक्षा पुरुषांत जास्त."

"आन् पानी?" बहिणीने विचारलं.

"विहिरीच्या पाण्याचं मी सांगू शकत नाही. पण तुमचा आजार त्या जातीचा नाही, ताई. तुमच्यात गाठ नाही. पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, एकेक सुटी होऊन जठराच्या भिंतीत शिरते. वरून अस्तर चांगलं दिसतं, म्हणून पहिल्या वेळी दुर्बिणीत दिसला नाही. हा तरुणपणीही होतो आणि बायकांनाही पुरुषांइतकाच होतो. बहुतेक वेळा का झाला ते सांगता येत नाही. पण काही थोड्या घरांत तो रक्तातून खाली उतरतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही सांगता त्यावरून तुमचं घर तसं असू शकतं."

मुलगी माझ्या बाजूला बसली होती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा सोडलं. मला तेव्हा कळलं की हे तिच्यासमोर व्हायला नको होतं.

आम्ही ऑटोने घरी निघालो. राजकमल चौक गेल्यावर बहीण म्हणाली, "घरात तोंडातून शब्द निंगत नाई तुह्या, आन् तिथं कशी पोपटावानी बोलली वं."

"खरं तेच सांगतलं म्या."

"खरं. सासरच्यायले मी आजवर आयकवत आली, तुमच्या पान्यानं मारलं मले म्हून. आता माह्याच माईचं नाव घेऊ काय? नंदा हासतीन. म्हनतीन, रोग घेऊन आलती."

डॉक्टरने एक रक्ताची तपासणी सांगितली होती. रक्तातून उतरणारा दोष शोधायची. बहीण आधी नाही म्हणाली. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "घेऊ दे रक्त. काई नाई निंगालं का तुह्या तोंडाले कुलूप." रक्त बाहेरगावी पाठवलं. खूप दिवस लागतील असं सांगितलं.

सलाईनमधून औषध सुरू झालं. प्रत्येक वेळी तिला आधीपेक्षा कमी उभं राहता यायचं. एकदा मी तिच्या केसांना तेल लावत होते. केस हातात येत होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी पदरात घेत होते. ती म्हणाली, "ताई, पोरीचं मी ठरवलं. दादाच्या पोराले देतो."

आमच्यात भावाची मुलगी सून करून आणतात. बहिणीची मुलगी भावाच्या घरी देत नाहीत, जिथून मुलगी गेली तिथे तिची लेक परत जात नाही. कोणी तसं केलं तर म्हातारी माणसं नाक मुरडतात. हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "रिवाज गेला चुलीत. त्या खाऱ्या पान्यात तिले ठेवून मी मरू काय? सासरा गेला, मी चाल्ली, मंग तिचा नंबर. तिले त्या घरातून काहाडतो आन् आपल्या घरात टाकतो. गोडं पानी, चोख रक्त."

माझे हात थांबले. ती म्हणाली, "लाव ना तेल."

मी दुसऱ्या दिवशी पोळ्या आटोपून एकटी डॉक्टरकडे गेले. बाहेर बसले तेव्हा दोनदा उठून परत जावंसं वाटलं. आत गेल्यावर विचारलं, बहिणीची मुलगी भावाच्या मुलाला दिली तर? त्याने कागदावर आमची आई काढली, तिच्याखाली आम्ही तिघं, आमच्याखाली ती दोन मुलं. म्हणाला, "आईत दोष असेल तर तुम्हा तिघांपैकी प्रत्येकात यायची शक्यता अर्धी. ज्याच्यात आला त्याच्या प्रत्येक मुलात पुन्हा अर्धी. भाऊ धडधाकट आहेत म्हणून त्यांच्यात नाही असं होत नाही. दोन्हीकडून एका घरात आणू नका. निदान रिपोर्ट येईपर्यंत थांबा." मग म्हणाला, "तुम्हीही दुर्बिणीने पाहून घ्या."

म्हणजे ती मुलीला ज्या घरातून काढत होती ते घर तिच्यापुरतं निर्दोष होतं. सासऱ्यांचा आजार सासऱ्यांबरोबर गेला होता. आणि ती तिला जिथे सुरक्षित ठेवायला निघाली होती, तिथेच आमच्या आईचा आजार असू शकत होता. हे मला एकटीलाच समजलं होतं, आणि जिला सांगायचं ती मरायला टेकली होती.

दादा आणि वहिनी भेटायला आले. दादाने घरच्या विहिरीच्या पाण्याची कॅन खांद्यावर आणली होती. गावाजवळच्या तिवश्याहून एसटीत मांडीवर घेऊन आला. बहिणीच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं तेव्हा. चमच्याने दोन घोट घेतले आणि डोळे मिटून म्हणाली, "हे पानी." मग दादाचा हात धरला. "दादा, एक मांगतो. नाई म्हनू नको. माह्या पोरीले या खाऱ्या पान्यातून काहाड. तुह्या पोराले करून घे."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा लहान मुलासारखा रडला आणि हो म्हणाला. वहिनी म्हणाली, "बाई, पोरगी माह्या पदरात टाकली समजा. तुमी बऱ्या व्हा पयले." मुलगी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद दोन्ही होते. तिला तो मुलगा आवडत होता, हे मला त्या क्षणी दिसलं. इतके दिवस माझ्या घरात राहून मला कळलं नव्हतं.

खाली दादा चपला घालत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. "म्हंजे आईले हाच होता?"

"असं डॉक्टर म्हनते."

"मंग मलेबी?"

"तुले, मले. काई सांगता येत नाई."

त्याने दुसरी चप्पल पायात घातली. "तिच्याजवळ काई बोलू नको," म्हणाला. "मरनाऱ्या बाईले मी काय सांगू, का तुह्या पोरीले आमच्या घरी धोका हाय? सुखानं जाऊ दे तिले. मंग पाहू."

बहीण सुखाने गेली, जेवढं सुख त्या दुखण्यात असू शकतं तेवढं. शेवटच्या दिवसांत मुलीला म्हणायची, "मामाच्या घरी गेल्यावर माठ रोज धुवत जाजो. गोडं पानी हाय म्हून आळस करशील." तिला जाळायला आम्ही सासरच्या गावीच नेलं.

तिच्या सासरी तिच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. वहिनी भांडी आवरता आवरता मला म्हणाली, "बाई, उन्हाळ्यात करून टाकू का मंग पोरायचं?" दादा ओट्यावर होता. त्याने मान खाली घातली. तो सांगणार नाही हे मला दिसलं. म्हणून मीच सांगितलं, जसं डॉक्टरने सांगितलं होतं तसं, दोघांनाही तपासायला हवं, रिपोर्ट यायचा आहे तोवर थांबू.

वहिनीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजे पोरीच्या रक्तात हाय."

"असंन का नाई, कोनालेच मालूम नाई वैनी. तुमच्या पोरातबी असू शकते. आईचं हाय थे, दादाकडून..."

"माह्या पोराचं नाव घेऊ नका. तालमीत जाते माहा पोरगा. कधी साधा ताप नाई आला त्याले." तिचा आवाज चढला. "जिची माय त्याच रोगानं मेली थे पोरगी माह्या गळ्यात बांधत होत्या तुमी? आन् मी पदरात टाका म्हनत होती."

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. त्याची शक्यता तेवढीच, दादा आजारी नाही म्हणून मुलगा सुटला असं नाही. पण माझा घसा बसला तो बसलाच. मी जे बोलले त्यातलं अर्धंच दादाच्या घराने ऐकलं. मुलीकडचं ऐकलं आणि मुलाकडचं ऐकलं नाही. आत मुलगी परात धुवत होती. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं, बादलीतलं पाणी होतं, त्यामुळे आवाज कमी होता. तिने सगळं ऐकलं असणार.

सोयरीक तिथेच मोडली. आणि अशा गोष्टी एका घरात राहत नाहीत. आधी माझ्या बहिणीच्या नणंदांना कळलं, मग गावाला, मग मूर्तिजापूरपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांना. त्या मुलीच्या रक्तात कॅन्सर आहे असं लोक म्हणू लागले. तिच्या वडिलांनी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. एका घरून मुलगा पाहायला आला, चहा घेतला, आणि गावातून निघायच्या आत कोणी तरी त्याला सांगितलं.

रिपोर्ट त्यानंतर आला. मी आणि मुलगी ऐकायला गेलो. डॉक्टर म्हणाला, "तो दोष सापडला नाही."

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. "म्हंजे नाई?"

"सापडला नाही म्हणजे नाही, असं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "अशा पुष्कळ घरांत आजार दिसतो, पण कारण सापडत नाही. दुसरा कुठला दोष असेल, जो आम्हाला अजून शोधता येत नाही. नसेलही. तुमची आजी, तिची बहीण आणि आई, तिघी गेल्या, हे मी विसरू शकत नाही. दोष सापडला असता तर तुमचं रक्त तपासून हो किंवा नाही सांगितलं असतं. आता तुमच्या रक्तात नेमकं काय शोधू? दर वर्षी दुर्बीण घालून तुकडे घेऊन पाहायचं, एवढंच."

"मंग मले हाय का नाई?"

"माहीत नाही."

आम्ही बाहेर आलो. मला वाटत होतं ती रडेल. ती रडली नाही.

दादाच्या मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. नवरी मूर्तिजापूरकडची, गोरी, हसरी. कोणी त्याचं रक्त विचारलं नाही. मी दादाला परत एकदा म्हटलं होतं, निदान दुर्बीण तरी घाल. तो म्हणाला, "रिपोर्टमंदी काई नाई निंगालं ना? मंग मिटलं." वहिनी मला जेवायला वाढत होती, पण बाई म्हणून हाक मारत नव्हती. बहिणीची मुलगी लग्नाला आली नाही. तिला पत्रिका गेली होती.

या वर्षी मी तिला दुर्बिणीसाठी घेऊन गेले. उपाशीपोटी आली, सकाळच्या गाडीने अकोल्याहून. चांगल्या दिसणाऱ्या पोटातून डॉक्टरने बरेच बारीक तुकडे काढले. रिपोर्ट चांगला आला. तो घ्यायला ती पुन्हा आली तेव्हा डॉक्टरने तिला समजावून सांगितलं की चांगला म्हणजे जिथले तुकडे घेतले तिथे चांगला. ती हो म्हणाली. आता तिला या गोष्टी माझ्यापेक्षा नीट समजतात.

परत जायला आम्ही बसस्टँडवर बसलो. मी तिला केळी घेऊन दिली, ती तिने पिशवीत ठेवली. अकोल्याची गाडी लागायची होती. ती समोर पाहत म्हणाली, "मावशी, त्या दिवशी तू मामीले सांगतलं नसतं तं?"

मी म्हटलं, "तं तुह्या पोरायले दोन्हीकडून धोका असता."

"पोरं तं झाली असती." तिने पिशवी मांडीवर घेतली. "मले असंन तं असंन. माईले होतंच ना? पन तिचं घर तं झालं. मी झाली, बाबा हाय, चार मानसं रडली तिच्यासाठी. मी कोनाच्या घरची हाय आता?"

  मी म्हटलं, "माह्या घरची हाय." ते ऐकून ती हसली. वाईट हसली नाही, पण कोणी लहान मुलाच्या बोलण्यावर हसतं तशी.

"तू पाह्यलं काय दुर्बिनीनं? डॉक्टर तुलेबी म्हनत होता."

"नाई."

"कावून?"

मी गाडी लागली का ते पाहिलं. माझ्यामागे कोणी नाही, ज्याच्यात ते उतरेल. निघालं तर तिलाच अजून एक पुरावा मिळेल, की आईच्याच नाही, मावशीच्याही रक्तात होतं. नाही निघालं तर त्याचा अर्थ काही नाही, हे आता आम्ही दोघी जाणतो. हे मी तिला कसं सांगणार होते.

गाडी लागली. ती चढली, खिडकीजवळ बसली. मी खिडकीखाली उभी राहिले तेव्हा म्हणाली, "जा तू, पोळ्यायचा टाइम झाला तुहा." आणि गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "पुढच्या साली मी एकटीच येईन. डॉक्टरचा दवाखाना मले मालूम हाय."

मी वसतिगृहात आले. कणिक कोणी तरी मळून ठेवली होती. मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या, तिच्याच वयाच्या सगळ्या. मी लाटायला बसले.